राउरकेल्यातला जानेवारी : २०२३च्या हॉकी विश्वचषकाभोवतीच्या लोकोत्सवाचा प्रकरण अभ्यास

१३ जानेवारी २०२३ची संध्याकाळ. राउरकेल्याच्या बिरसा मुंडा आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियममध्ये भारत आणि स्पेन यांचा सामना सुरू होऊन १२ मिनिटे झाली होती. भारताला मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरवर पहिला प्रयत्न अडवला गेला, चेंडू उसळून बाहेर आला आणि उपकर्णधार अमित रोहिदासने जोरदार फटक्यासरशी तो गोलजाळ्यात धाडला. त्या विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. रोहिदास ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातल्या सौनामारा गावचा, आणि राउरकेला हे त्याच जिल्ह्यातले शहर. हॉकी इंडियाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की हेही सौनामाऱ्याचेच. गोल करणारा आणि यजमान संघटनेच्या प्रमुखपदी बसलेला, दोघेही एकाच खेड्यातले, आणि तो गोल त्यांच्याच जिल्ह्यात, वीस हजार लोकांसमोर झालेला! विश्वचषकाच्या इतिहासात असा योग क्वचितच जुळून येतो.

या लेखात त्या स्पर्धेच्या निकालांपेक्षा तिच्याभोवती जे घडले त्याचा अभ्यास केला आहे. १३ ते २९ जानेवारी या काळात १६ संघांचे ४४ सामने झाले, त्यांपैकी २४ भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियममध्ये आणि २० राउरकेल्यात. या सामन्यांच्या आगेमागे चषकाची यात्रा निघाली, कटकमध्ये मोठा सोहळा झाला, शहरे सजली, समुद्रकिनाऱ्यावरची वाळूशिल्पाची कला नदीकाठी आली, स्वागताला नृत्यपथके उभी राहिली. यातले काय लोकांचे होते आणि काय लोकांसाठी आणून ठेवलेले होते, हा या अभ्यासाचा मुख्य प्रश्न आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो : या स्पर्धेतला खरा लोकोत्सव राउरकेल्यात झाला, आणि तो कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेमुळे झाला नाही. जिल्ह्यात खेळाभोवती जमण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती, आणि विश्वचषक त्या रीतीच्या दारात नेऊन ठेवला गेला, म्हणून तो झाला.

खस्सीचा खेळ

सुंदरगड जिल्हा ओडिशाच्या वायव्य टोकाला, झारखंड आणि छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. मुंडा, उरांव, खडिया, किसान अशा समाजांची ही भूमी. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांमधून या पट्ट्यात हॉकी आली आणि शाळांच्या आवारात अडकून न राहता गावोगावी पसरली. मुलांनी बांबूच्या किंवा झाडाच्या वाकड्या फांदीच्या काठ्या केल्या आणि भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांची मैदाने झाली. गोलरक्षकासाठी पॅड नाहीत, पायांत बूट नाहीत, मैदानाला उतार आहे, अशा अवस्थेत ज्यांनी चेंडू काठीला चिकटवून ठेवायला शिकून घेतले, त्यांतले अनेक जण पुढे देशासाठी खेळले. दिलीप तिर्की, लाझरस बारला, इग्नेस तिर्की, प्रबोध तिर्की, बीरेंद्र लाक्रा ही पुरुषांमधली, तर ज्योती सुनीता कुल्लू, सुभद्रा प्रधान, सुनीता लाक्रा, दीप ग्रेस एक्का, नमिता टोप्पो ही महिलांमधली काही नावे. एका जिल्ह्याच्या मानाने ही यादी थक्क करणारी आहे, आणि ती इथे संपतही नाही.

इथल्या गावस्पर्धांना ‘खस्सी’ स्पर्धा म्हणतात. खस्सी म्हणजे खच्ची केलेला बोकड. विजेत्या संघाला बोकड मिळतो, उपविजेत्याला कधी लहान बोकड तर कधी कोंबड्या. बक्षिसाचा बोकड मैदानाच्या कडेला बांधलेला असतो आणि अंतिम सामना संपला की जिंकलेला संघ तो घेऊन आपल्या गावी जातो. तिथे त्याचे जेवण होते आणि ते जेवण फक्त अकरा जणांचे नसते. वरवर पाहता हा तपशील गमतीचा वाटेल, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. चषक कपाटात जातो, बोकड मात्र वाटून खावा लागतो. ज्या खेळाचे बक्षीसच मुळात पंगतीत संपते, तिथे खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यातली रेषा पुसट असते. आज बघायला आलेला मुलगा उद्या संघ अपुरा पडला की मैदानात उतरतो, आणि काल खेळलेली बाई आज मुलाला खांद्यावर घेऊन कडेला उभी राहून चुका काढत असते. आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्तीचा फड रंगतो, तेव्हा कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक डावाचे नाव ठाऊक असते. सुंदरगडमधल्या प्रेक्षकांना हॉकीची तशीच जाण आहे.

दुसरी गोष्ट काळाची. विश्वचषकाच्या तारखा जागतिक वेळापत्रकाने ठरवल्या, तरी त्या नेमक्या सुगीनंतरच्या दिवसांत आल्या. पश्चिम ओडिशातला पुसपुनी हा सण पौष पौर्णिमेला असतो आणि त्या वर्षी ती ६ जानेवारीला होती, म्हणजे स्टेडियमच्या उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी. भारत-इंग्लंड सामना १५ जानेवारीला, मकर संक्रांतीच्या दिवसांत झाला. शेतीची कामे उरकलेली, घरात नवे धान्य आलेले आणि गावातली माणसे प्रवासाला मोकळी, असा हा काळ. गावाकडे खस्सी स्पर्धांनाही हेच दिवस सोयीचे पडतात. आयोजकांनी हे ठरवून केले असे मी म्हणणार नाही, पण उत्सवाचे नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट टिपून ठेवावी, कारण लोक कधी मोकळे असतात याचा विचार न करता आखलेला सामुदायिक कार्यक्रम बहुधा कागदावरच राहतो.

राउरकेल्याला सामने नेण्याचा निर्णय

ओडिशाने २०१८चा पुरुष विश्वचषक एकट्या भुवनेश्वरमध्ये भरवला होता. त्याच वर्षी राज्य सरकार भारताच्या पुरुष आणि महिला, अशा दोन्ही हॉकी संघांचे प्रायोजक झाले होते. एखाद्या राज्याने राष्ट्रीय संघाचे प्रायोजकत्व घेण्याची ती पहिलीच वेळ. २०१८च्या स्पर्धेवेळी राजधानीत बरेच काही घडले. जुन्या भुवनेश्वरच्या गल्ल्यांमध्ये चित्रे आणि मांडणशिल्पे यांची कलायात्रा भरली, मंदिरांच्या परिसरातल्या वारसा फेऱ्यांना पाहुणे आले, आणि कोणार्क महोत्सव व चंद्रभागा किनाऱ्यावरचा वाळूशिल्प महोत्सव हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले वार्षिक कार्यक्रम स्पर्धेच्या काळातच येत असल्याने आयतेच जोडले गेले. ऑलिव्ह रिडले कासवावरून घेतलेला ‘ऑली’ हा शुभंकर तेव्हाचाच, आणि २०२३ला तोच कायम ठेवला गेला. ही स्पर्धा नीटनेटकी झाली. तरीही ती हॉकी आवडणाऱ्या शहरातली स्पर्धा होती. हॉकी जगणारा जिल्हा तीनशेहून अधिक किलोमीटर दूर होता.

म्हणून २०२३साठी राउरकेल्यात नवे स्टेडियम बांधण्याचा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत धाडसी आणि सर्वांत योग्य निर्णय वाटतो. फेब्रुवारी २०२१मध्ये पायाभरणी झाली आणि ५ जानेवारी २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री नवीन पटनाईक यांनी स्टेडियमचे उद्घाटन केले. प्रत्यक्ष बांधकाम सुमारे १५ महिन्यांत उरकले. बिजू पटनाईक तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात उभ्या असलेल्या या स्टेडियममध्ये वीस हजारांहून थोड्या अधिक आसनांची सोय आहे, आणि प्रत्येक प्रेक्षकाला स्वतंत्र आसन असलेले जगातले सर्वांत मोठे हॉकी स्टेडियम म्हणून गिनीज बुकने त्याची नोंद घेतली आहे. शेजारीच संघांसाठी २२५ खोल्यांचे ‘विश्वचषक ग्राम’ बांधले गेले. राउरकेल्याच्या विमानतळावरून भुवनेश्वरकडे प्रवासी विमानसेवा ७ जानेवारीला, म्हणजे पहिल्या सामन्याच्या सहा दिवस आधी सुरू झाली. दोन्ही शहरांतल्या सुविधा मिळून राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेला खर्च सुमारे १,१०० कोटी रुपयांचा होता. हा आकडा लहान नाही आणि त्यावर प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत; त्याकडे पुढे येतो.

स्टेडियमच्या नावाबद्दल दोन शब्द. राउरकेला हे पोलादाचे शहर. १९५०च्या दशकात जर्मनीच्या साहाय्याने इथे सरकारी पोलाद कारखाना उभा राहिला, आणि त्यासाठी व त्याला पाणी पुरवणाऱ्या मंदिरा धरणासाठी आसपासच्या आदिवासी गावांना आपली जमीन सोडून उठावे लागले. त्या विस्थापनाची जखम इथे अजून बोलली जाते. अशा शहरातल्या सर्वांत भव्य वास्तूला जमिनीच्या हक्कासाठी लढलेल्या बिरसा मुंडांचे नाव मिळाले. नाव दिल्याने गेलेली जमीन परत येत नाही. पण प्रवेशद्वारातून आत जाणाऱ्या मुंडा किंवा उरांव कुटुंबाला आपण इथे परके नाही असे वाटण्यात त्या नावाचा वाटा नक्कीच आहे, आणि सामुदायिक उत्सवाच्या अभ्यासात ही भावना आसनसंख्येइतकीच मोजावी लागते.

चषकाची यात्रा आणि कटकचा सोहळा

५ डिसेंबर २०२२ रोजी भुवनेश्वरहून विश्वचषकाची यात्रा निघाली. १३ राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश फिरून ती २५ डिसेंबरला ओडिशात परतली, आणि पुढे सुंदरगड जिल्ह्याच्या १७ तालुक्यांसारख्या विभागांत, ज्यांना तिथे ब्लॉक म्हणतात, चषक नेण्याचे आखले गेले. महानगरांतल्या यात्रेला छायाचित्रे काढण्यापलीकडे फारसा अर्थ असतो असे मला वाटत नाही. चषक येतो, मान्यवर हात लावतात, चषक जातो. ब्लॉकपर्यंत जाणाऱ्या यात्रेचे मात्र तसे नाही. ज्या मुलांनी आजवर बक्षीस म्हणून बोकड पाहिला होता, त्यांच्यासमोर जगातले सर्वांत मोठे बक्षीस आणून ठेवणे, हे सरकारी कार्यक्रमात क्वचित दिसणारे शहाणपण आहे.

औपचारिक उद्घाटन सोहळा ११ जानेवारीला कटकच्या बाराबती स्टेडियममध्ये झाला. रणवीर सिंग, दिशा पटानी हे चित्रपट कलाकार होते, संगीतकार प्रीतम यांनी स्पर्धेचे गीत सादर केले, आणि ‘ब्लॅकस्वान’ या कोरियन गायनसमूहासोबत ओडिशाची श्रिया लेंका मंचावर आली. याच सुमारास सुदर्शन पटनाईक यांनी कटकला महानदीच्या काठी शंभर फुटांहून लांब हॉकी स्टिकचे वाळूशिल्प साकारले आणि त्यात हजारो चेंडू मांडले. पुरीच्या किनाऱ्यावरची ही कला ओडिशाची ओळख झालेली आहे, त्यामुळे ते शिल्प जागच्या मातीतून आल्यासारखे वाटले. मंचावरच्या कार्यक्रमाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तो दिमाखदार होता आणि लोकांना आवडला, यात शंका नाही. पण स्पर्धेची दोन्ही मैदाने सोडून तिसऱ्या शहरातल्या, मुख्यतः क्रिकेटसाठी ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर, चित्रपट ताऱ्यांच्या भोवती रचलेला हा सोहळा उद्या दुसऱ्या कोणत्याही खेळाच्या स्पर्धेला जसाच्या तसा वापरता आला असता. आदिवासी नृत्यपथके अशा ठिकाणी येतात ती बहुधा स्वागतापुरती; ज्यांचा खेळ आहे तेच पाहुण्यांना ओवाळून बाजूला उभे राहतात. मोठ्या स्पर्धांच्या उत्सवात ही चूक पुन्हा पुन्हा होते आणि ती हेतू वाईट असल्यामुळे होत नाही, तर उत्सवाची आखणी दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी केल्यामुळे होते.

सामन्यांचे दिवस

भारतीय संघ डिसेंबरच्या अखेरीस राउरकेल्यात उतरला, तेव्हा विमानतळाबाहेर गर्दी लोटली होती आणि पारंपरिक नृत्याने त्याचे स्वागत झाले. संघात रोहिदासबरोबर याच जिल्ह्याचा नीलम संजीप खेस होता. शहरातल्या भिंतींवर हॉकीची चित्रे आणि आदिवासी चित्रशैलीतली नक्षी रंगली. ज्या शहरात आधीपासूनच एका चौकाचे नाव ‘हॉकी चौक’ आहे, तिथे ही सजावट वरून चिकटवल्यासारखी दिसत नव्हती.

१३ तारखेला संध्याकाळी पाच वाजता इंग्लंड आणि वेल्स, व सात वाजता भारत आणि स्पेन, असे सामने होते. वेल्सचा तो पहिलाच विश्वचषक. रोहिदासच्या गोलनंतर २६व्या मिनिटाला हार्दिक सिंगने डाव्या बाजूने एकट्याने मुसंडी मारून दुसरा गोल केला आणि भारत २-० असा जिंकला. सामनावीर रोहिदासच ठरला. दोन दिवसांनी इंग्लंडविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. दोन्ही बाजूंनी वेगवान, बचावाची कसोटी पाहणारा असा तो सामना होता. गोल झाला नाही तरी तो गाजला, याचे श्रेय जितके खेळाडूंना तितकेच गॅलरीला द्यायला हवे. चेंडू अडवण्याचे कसब ज्यांना कळते, त्यांना टाळ्या वाजवण्यासाठी गोलची वाट पाहावी लागत नाही.

राउरकेल्याच्या वाट्याला भारताचे सामने आले तसे चिली, मलेशिया, न्यूझीलंड, नेदरलँड्स यांचेही आले. चिलीही वेल्सप्रमाणे प्रथमच विश्वचषकात खेळत होता. दूरदेशीच्या अशा संघाला इथे ओळखीचे प्रेक्षक नव्हते, पण खेळ ओळखणारे होते. पाहुण्या संघाला यजमान गावाने याहून मोलाचे काही द्यावे असे मला वाटत नाही.

खरी परीक्षा पुढे होती. गटात भारत आणि इंग्लंड यांचे गुण सारखे झाले, पण गोलफरकाने इंग्लंड पुढे गेला. भारताला उपांत्यपूर्व फेरी गाठण्यासाठी न्यूझीलंडशी क्रॉसओव्हर, म्हणजे पात्रतेचा जादा सामना, खेळावा लागला. २२ जानेवारीला भुवनेश्वरमध्ये भारत २-० आणि नंतर ३-१ असा पुढे होता. न्यूझीलंडने बरोबरी साधली आणि शूटआऊटमध्ये भारत ४-५ असा हरला. शूटआऊट चालू असतानाच गोलरक्षक श्रीजेश जखमी झाला आणि त्याच्या जागी कृष्ण पाठकला उभे राहावे लागले. भरलेल्या कलिंग स्टेडियमवर पसरलेली ती शांतता हॉकीप्रेमींच्या लक्षात राहील. विश्वचषक जिंकल्यास प्रत्येक खेळाडूला एक कोटी रुपये देण्याची घोषणा पटनाईक यांनी ५ जानेवारीला केली होती; अठरा दिवसांच्या आत तो विषय संपला.

यजमान संघ बाहेर पडला की बहुतेक स्पर्धांचा उत्सव तिथेच बसतो. भारताला नवव्या ते सोळाव्या क्रमांकासाठी खेळायला राउरकेल्याला परत जावे लागले. २६ जानेवारीला, प्रजासत्ताक दिनी, भारताने जपानला ८-० असे हरवले आणि २८ तारखेला दक्षिण आफ्रिकेला ५-२. या सामन्यांतून पदक मिळणार नव्हते, उपांत्य फेरी नव्हती, पणाला लागलेला होता तो फक्त नववा क्रमांक. तरीही राउरकेल्यातले लोक संघासाठी आले. ही सवय खस्सी स्पर्धांनी लावलेली आहे, असे माझे अनुमान आहे. गावचा संघ पहिल्या फेरीत हरला म्हणून गाव मैदान सोडून घरी जात नाही. सगळे शेवटपर्यंत थांबतात, दुसऱ्या गावांचे सामने पाहतात, वाद घालतात आणि अंधार पडल्यावर निघतात.

अंतिम सामना २९ जानेवारीला भुवनेश्वरमध्ये झाला. बेल्जियमविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून जर्मनीने ३-३ अशी बरोबरी केली आणि शूटआऊटमध्ये ५-४ने तिसऱ्यांदा विश्वचषक जिंकला.

काय साधले, काय राहिले

सुमारे १,१०० कोटींचा खर्च योग्य होता की नाही, याचे उत्तर सतरा दिवसांच्या गर्दीवरून देता येणार नाही. ते उत्तर स्टेडियम नंतर कोणासाठी उघडे राहते यावर अवलंबून आहे. जिल्ह्याच्या सर्व १७ ब्लॉकमध्ये कृत्रिम हिरवळीची मैदाने घालण्याची योजना राज्याने हाती घेतली, हे माझ्या दृष्टीने स्टेडियमइतकेच महत्त्वाचे आहे. उघड्या शेतात खेळून आलेल्या मुलाला टर्फवर, म्हणजे या कृत्रिम हिरवळीवर, नव्याने चालायला शिकावे लागते. चेंडूचा वेग, त्याची उसळी, वाकण्याची पद्धत, सगळेच बदलते. पूर्वी हा बदल राउरकेल्याच्या पानपोष क्रीडा वसतिगृहात निवड झाल्यावरच अनुभवाला येई. टर्फ ब्लॉकपर्यंत गेले तर निवड होण्याआधीच तो सराव मिळेल.

मात्र त्यातच एक धोका दडलेला आहे, आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. टर्फच्या मैदानाला कुंपण असते, वेळापत्रक असते, देखभालीचा खर्च आणि पाण्याची गरज असते, आणि कोणाला आत सोडायचे हे ठरवणारा माणूस असतो. शेतातल्या मैदानाला यातले काहीच नसते. खस्सी स्पर्धा शेतावर राहिल्या आणि प्रशिक्षण टर्फवर गेले, तर गावचा खेळ आणि निवडीचा खेळ हे दोन वेगळे खेळ होऊन बसतील. म्हणून माझी सूचना अशी की अशा मोठ्या स्पर्धेच्या काळात गावस्पर्धांची एक मालिका अधिकृत कार्यक्रमातच असावी. ब्लॉकमधून जिंकून आलेल्या मुलामुलींच्या संघांचा अंतिम सामना मुख्य स्टेडियमच्या सरावाच्या टर्फवर, विश्वचषकातल्या विश्रांतीच्या दिवशी खेळवावा, आणि बक्षीस खस्सीचेच ठेवावे. परदेशी खेळाडूंना तो सामना पाहायला बोलवावे. कटकच्या मंचावर झालेल्या खर्चाच्या अगदी लहानशा हिश्शात हे बसेल.

आणखी एक उणीव जाणवते ती स्मृतीची. १९७५चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातले मायकल किंडो पुढे राउरकेल्यातच स्थायिक झाले, पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी याच शहरात त्यांचे निधन झाले. विश्वचषक त्यांच्या शहरात आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांच्या पिढीतले जे खेळाडू, पंच, मिशनच्या शाळांतले शिक्षक आणि गावस्पर्धा भरवणारे लोक अजून आहेत, त्यांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत, मुंडारीत, कुडुखमध्ये, खडियात आणि सादरीत, ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात. या कामाला स्टेडियम लागत नाही, फक्त वेळेत जावे लागते.

राउरकेल्याच्या मैदानाला विश्वचषकानंतर फार वाट पाहावी लागली नाही. १० मार्च २०२३ रोजी प्रो लीगच्या सामन्यासाठी नवे जगज्जेते जर्मन तिथे आले आणि भारताने त्यांना ३-२ असे हरवले. पुढे २०२४च्या डिसेंबरअखेरीस पुनरुज्जीवित हॉकी इंडिया लीगच्या पुरुषांच्या सामन्यांनाही इथेच सुरुवात झाली. तेव्हाही भात घरात आलेले होते आणि शेते मोकळी होती.